मैनेची हजेरी

१

मैनेचा रविवार दुपारच्या चहापासून सुरू व्हायचा. सकाळपासून केर, फरशी, कपडे सगळं उरकलेलं असायचं, पण ते ती धरायची नाही. चहा ठेवला, केस विंचरले, बरे कपडे घातले आणि टेबलावरचा लॅपटॉप उघडला की मग तिचा रविवार. साथ आल्यापासून कॉलेजातले ते चौघे दर रविवारी पडद्यावर भेटत होते. आठवडाभरात तिला हाक मारून बोलणारी माणसं काय ती एवढीच.

तशी ती दिवसभर माणसांचेच आवाज ऐकायची. इस्पितळातले डॉक्टर तपासणीचे अहवाल तोंडी बोलून ठेवत आणि मैना हेडफोन लावून ते टाइप करी. पूर्वी ऑफिसात बसून, आता घरी बसून. तिचे कान इतके तयार झाले होते की कुणाच्या खोलीतला पंखा कुरकुरतो आणि कोण बोलता बोलता बिस्किट खातो, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. पण ते आवाज तिच्याशी थोडेच बोलत होते. एक म्हातारे डॉक्टर तेवढे शेवटी म्हणायचे, "टाइप करणाऱ्यांचे आभार." त्यावर मैना रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणायची, "अहो, आभार कसले." मग स्वतःचंच हसू येऊन पुढची फाइल लावायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत तिचं टेबल, दिवाण आणि कोपऱ्यात ओटा. आतली खोली आईची. आई साथीच्या आधीच गेली, आणि तेव्हापासून मैना बाहेरच झोपायची. आतलं दार लोटलेलं असायचं. उघडं राहिलं की धूळ येते, असं ती म्हणायची. कुणाला म्हणायची ते विचारू नका. टेबल खिडकीला लावलेलं होतं, त्यामुळे बसली की तिची पाठ त्या दाराकडे यायची. पडद्यावरच्या तिच्या चौकटीत सगळ्यांना तेच दिसायचं: मैना, आणि तिच्यामागे कॅलेंडर टांगलेलं बंद दार.

२

चौघांत एक गुरुजी. कॉलेजात परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांना शिकवायचा म्हणून ते नाव पडलं आणि पुढे तो खरंच शाळेत मास्तर झाला. दुसरा बंब. टायरचं दुकान होतं त्याचं. रस्त्यावर गाड्याच नाहीत, तेव्हा दुकान बंद आणि पोट सुटलेलं, आणि दोन्हींवर तो स्वतःच विनोद करायचा. तिसरी टपाल. हिच्या कानावर घातलं की गावभर पोचलंच म्हणून समजा. घर माणसांनी भरलेलं, मागे कुणी ना कुणी भांडत असायचं, आणि ती त्या गलक्यातून सगळ्यांची खबर घ्यायची.

आणि मैना. तिला मैना म्हणायचे ते तिच्या नकलांमुळे. प्रयोगशाळेतले सर मान खाली घालून हजेरी घेत. कुणी आलं नसेल तर मैना मागच्या बाकावरून त्याच्या आवाजात "हजर" म्हणायची. बंबाचा घोगरा आवाज, टपालचा चिरका, गुरुजीचा नाकातला, काही म्हणून अडायचं नाही. नियम एकच होता: आवाज आला की कुणी मागे वळून बघायचं नाही. एकाची मान वळली की सरांची मान वर येणार आणि सगळ्यांचीच वरात बाहेर निघणार. एकदा वर्गातल्या दुसऱ्याच एकासाठी तिने आवाज काढला तेव्हा बंबाने वळून बघितलं होतं, त्याचं प्रायश्चित्त चौघांनी मिळून घेतलं. त्यानंतर सवय अशी अंगवळणी पडली की आवाज मागून आला की चौघांच्या माना आपोआप ताठ.

मैनेसाठी मात्र कधी कुणी हजेरी लावली नाही. ती गैरहजर राहायचीच नाही. आणि राहिली असती तरी तिच्या आवाजात बोलणार कोण?

आता इतक्या वर्षांनी पडद्यावर भेटतानाही गुरुजी त्या सरांसारखी मान खाली घालून हजेरी घ्यायचा. बंब? हजर. टपाल? हजर. मैना? हजर. मग एकेकाचा आठवडा. मैनेची पाळी आली की ती म्हणायची, "मी मजेत. काम चालू आहे." आणि पुढचा बोलायला लागायचा.

एका रविवारी तिचं इंटरनेट मध्येच गेलं. बऱ्याच वेळाने परत जोडलं गेलं तेव्हा बंबाचा विनोद रंगात आला होता आणि तिघे हसत होते. मैना गेली होती आणि मैना आली, हे कुणाच्या गावीही नव्हतं. तीही हसली. काय झालं म्हणून हसतोय ते तिला माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात तिने ठरवलं, पुढच्या रविवारी जायचंच नाही. बघू या कुणाचा फोन येतो का. पोरकटपणा होता, तिलाही कळत होतं. पण एकट्या माणसाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की त्याला बाहेर काढायला दुसरं माणूस लागतं.

३

त्या रविवारी तिने चहा केला, केसही विंचरले. टेबलाशी नेहमीच्याच जागी बसली. लॅपटॉप मिटलेला आणि शेजारी फोन, पडदा वर करून ठेवलेला. आता हजेरी चालली असेल. आता गुरुजीने मैना म्हटलं असेल. आता टपाल म्हणेल, थांबा, लावते तिला फोन.

फोन काही वाजला नाही. फ्रिज मध्येच खडखडला आणि गप्प झाला. चहावर साय धरली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एकदा तिला कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, अगदी जवळून, भिंतीपलीकडून यावं तसं. वरच्या मजल्यावरचे असतील, ती मनाशी म्हणाली. वरच्या मजल्यावरचे साथ सुरू झाली तशी गावी निघून गेले होते, हे तिला संध्याकाळी भांडी घासताना आठवलं.

ऊन खिडकीतून निघून गेलं तेव्हा ती उठली. कळलं एकदाचं, ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. रडू आलं याचा रागही आला. पन्नाशीला आलेली बाई, आणि कुणी हाक मारली नाही म्हणून रडते.

४

पुढच्या रविवारी जावं की नाही, यावर तिने आठवडाभर काथ्याकूट केला. गेली शेवटी. न जाऊन सांगते कुणाला?

चौकटी उघडल्या आणि तिघेही तिच्याकडे बघत होते. नेहमीसारखं आपापल्या पडद्यात कुठेतरी नाही, तिच्याकडे.

"कशी आहेस गं?" टपाल म्हणाली. तिच्या मागचा गलका आज नव्हता. दार लावून बसली होती बाई.

"मजेत," मैना म्हणाली. "गेल्या रविवारी..."

"गेल्या रविवारचं काय सांगू तुला. मला झोप नाही आली त्या दिवशी. इतकी वर्षं आपण ओळखतो आणि तू आत्ता बोलतेस होय गं हे सगळं?"

"मी हसत होतो आधी," बंब म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो हळू झाला होता. "तो डॉक्टर आभार म्हणतो आणि तू त्याला उत्तर देतेस, अहो आभार कसले. इतकं हसलो. आणि मग एकदम हसणं थांबलंच, मैने. बायको विचारायला लागली, काय झालं."

मैनेचे हात टेबलावरच राहिले.

गुरुजीने चष्मा पुसला. "तू विचारलंस ना, मी नाही आले तर तुम्हाला कळेल का. ते बोचलं मला."

"कळणार नाही होय?" टपाल म्हणाली. "त्याच मिनिटाला फोन करीन. शप्पथ."

आता सांगायला हवं होतं की मी नव्हते. त्या दिवशी मी इथे बसले होते, लॅपटॉप मिटून, आणि तुमच्यापैकी कुणाचाही फोन आला नाही. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. पण तिघांच्या चेहऱ्यावर जी माया होती ती मैनेने या पडद्यावर कधी बघितली नव्हती. आई गेल्यापासून कुठेच बघितली नव्हती. मी नव्हते म्हटलं की ती माया जाणार, आणि वर वेड लागलंय की काय असं वाटणार ते वेगळंच.

"मला कळतंय रे," ती म्हणाली. "बरं वाटलं बोलून."

दुसऱ्याचं घेतल्यासारखं तिला वाटलं. पण घेतलं तिने.

५

आता कारणं शोधायची म्हटलं तर कारणांना काय तोटा. ताप आला असेल, तापात आपण बोललो असू, विसरलो असू. साथीत माणसं काय काय विसरतात म्हणे. किंवा लॅपटॉप नीट मिटला गेला नसेल, आणि आपण एकटीच बडबडत असू तिथे बसून. हे कारण तिला त्यातल्या त्यात पटलं. एकटी बडबडते हे तर खरंच होतं.

पण मग लॅपटॉप मिटलेला कसा आठवतो? त्याच्या पाठीवर आपली बोटं उमटली होती आणि आपण ती बाहीने पुसली, हे कसं आठवतं?

टपाल दर रविवारी निघताना पडद्याचा फोटो काढायची. "बघा रे इकडे" म्हणून ओरडायची आणि चौघांच्या चौकटींचा फोटो जपून ठेवायची. मैनेने तिला मेसेज केला, मागच्याच्या आधीच्या रविवारचा फोटो आहे का. लगेच आला.

बंब, गुरुजी, टपाल. चौथ्या चौकटीत मैना.

ती कॅमेऱ्याच्या फार जवळ बसली होती, त्यामुळे कपाळ वरून कापलं गेलं होतं. केस तसेच विंचरलेले, कपडे तेच. चेहरा रडून हलका झालेल्या माणसाचा. मैनेला आधी हायसंच वाटलं. म्हणजे होते मी. विसरले, झालं.

मग तिचं लक्ष मागे गेलं. मागे कॅलेंडर नव्हतं. दार होतं, पण उघडं, आणि त्याच्या आतल्या अंगाच्या खुंटीवर आईची राखाडी शाल होती. म्हणजे फोटो आतल्या खोलीतला. आईच्या पलंगाच्या कडेला बसून, दाराकडे पाठ करून. आणि त्या उघड्या दारातून मागे बाहेरची खोली दिसत होती, दिवाणाचा कोपरा, खिडकीचा उजेड, टेबल. टेबलाशी खिडकीकडे तोंड करून कुणीतरी बसलं होतं. नुसती पाठ. खांदे पडलेले, मान जरा डावीकडे, शेजारी ठेवलेल्या फोनकडे बघत असावं तशी.

ती पाठ कुणाची हे तिला कुणी सांगायला नको होतं.

मैना उठली आणि भर उजेडात आतलं दार ढकललं. पलंग, कपाट, दारामागे शाल. चादरीला सुरकुती नाही. आईची औषधांची तिपाई तेवढी पलंगासमोर ओढलेली होती, कुणी लॅपटॉप ठेवायला ओढावी तशी. ही आपणच कधीतरी सरकवली असेल. आपण नाही तर कोण? ती तिपाई परत भिंतीला लावावी असं तिच्या मनात आलं, पण हात लावायचं धाडस झालं नाही. तिने दार ओढून घेतलं आणि टपालला फोन लावला.

"बोल गं," टपाल म्हणाली. "काही राहिलं का सांगायचं?"

"राहिलं म्हणजे?"

"अगं, आत्ताच तर ठेवला ना आपण फोन. तासभर बोलत होतीस. माझं दूध ओतू गेलं तुझ्या पायी." टपाल हसत होती. "राहू दे. मला बरं वाटतं तू फोन केलास की."

"नाही," मैना म्हणाली. "काही राहिलं नाही."

६

पुढच्या रविवारी ती वेळेआधीच टेबलाशी बसली. यावेळी सांगायचंच. माया गेली तर गेली, वेडी म्हटलं तर म्हटलं. ती मी नव्हे, मी ही, इथे बसलेली, एवढंच वाक्य. तिने ते दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. आवाज तिला जरा अनोळखी वाटला. सगळ्यांच्या आवाजांचा सराव तिने केला होता, स्वतःच्या आवाजाचा करायची वेळ आली नव्हती कधी.

आतलं दार लोटलेलं होतं. ते तिने बसण्याआधी बघून घेतलं होतं.

चौकटी उघडल्या. फ्रिज खडखडला. हेडफोन लावलेला असूनही तिने तो ऐकला, आणि क्षणभराने तोच खडखडाट हेडफोनमधून आला. कान तिचे तयार होते, चुकणारे नव्हते. तिचा माइक अजून बंद होता.

गुरुजीने मान खाली घातली. "बंब?"

"हजर."

"टपाल?"

"हजर हजर."

"मैना?"

मैनेने माइक सुरू केला आणि तोंड उघडलं.

"हजर."

आवाज तिचा होता. तिच्यापेक्षा मोकळा, तिच्यापेक्षा उबदार, पण तिचा. आणि तो मागून आला, लोटलेल्या दाराच्या आतून. मग हेडफोनमधून.

तिची मान ताठ झाली. मागे वळून बघायचं नाही. आवाज आला की मागे वळून बघायचं नाही.

पडद्यावर चार चौकटी होत्या. चौथीत मैना, कपाळ कापलेलं, हसऱ्या डोळ्यांची. मागे शाल, उघडं दार, बाहेरची खोली आणि टेबलाशी एक पाठ. तिच्या स्वतःच्या मागचं दार उघडलं ते कधी, तिला कळलंच नव्हतं. करकर आवाज करणारं दार होतं ते.

"ती मी नव्हे," मैना म्हणाली. "बंब्या, टपाल, अरे इकडे बघा. मी ही."

कुणाचा चेहरा हलला नाही. सगळे चौथ्या चौकटीकडे बघत होते आणि ती चौथी आपला आठवडा सांगत होती. फार छान सांगत होती. म्हाताऱ्या डॉक्टरांना सर्दी झालीय, आवाजावरून कळलं, त्यांना काढा घ्या म्हणून सांगितलं मी, रिकाम्या खोलीत. बंब खो खो हसला. गुरुजीही हसला. मैनेला आठवलं, हे तर आपण बोललो होतो, परवाच. या टेबलाशी बसून.

"अगं बाई, चला, आधी फोटो काढून घेते, नाहीतर विसरेन," टपाल म्हणाली. "बघा रे इकडे."

मैनेने हात वर केला. एवढंच सुचलं तिला. वर्गात करायचे तसा, सरळ, उंच. पडद्यावर चौथ्या चौकटीत मागच्या पाठीचा हात वर गेला.

टपाल थांबली. डोळे बारीक करून पुढे वाकली.

"मैने, तुझ्या मागे कोण बसलंय गं?"

मैनेला इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दिसले मी. टपालला दिसले. तिने हात आणखी उंच केला.

"मागे?" चौकटीतली मैना म्हणाली. तिने वळून बघितलं नाही. "कुणी नाही गं. मी एकटीच असते ना."

"नाही, हात वर केला कुणीतरी."

"वळून बघ की एकदा," बंब म्हणाला.

"वळून बघायचं नसतं," ती म्हणाली. "विसरलास होय? कॉलेजात चौघांना बाहेर काढलं होतं तुझ्यापायी."

तिघे मनापासून हसले. टपालही हसली, आणि तिने फोटो काढला. मग ती बोलता बोलता सासूच्या दुखण्याकडे वळली आणि मागे कोण होतं ते विसरून गेली.

मैनेच्या पाठीमागे दार हळूच लोटलं गेलं. आतून.

तिने हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. चहा निवला होता. तिने लॅपटॉप मिटला, फोन जवळ ओढला, पडदा वर करून ठेवला, आणि त्याच्याकडे बघत बसली. त्याच मिनिटाला फोन करीन, असं टपाल म्हणाली होती. शप्पथ घेऊन म्हणाली होती. आतल्या खोलीतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता, आणि मैना फोन वाजायची वाट बघत होती.